मृगसालाची दोन दप्तरे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो ते इतिहास शिकवीत असत. सनावळीवर त्यांचे फारसे प्रेम नव्हते. मात्र पुस्तकातले एखादे विधान वाचून झाले, की ते वर्गाला हमखास विचारीत, 'हे कशावरून?' आजचे व्याख्यान त्या दोन शब्दांच्या प्रश्नाला वाहिलेले आहे. विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या, पोथ्यांच्या पाठभेदांत केस पांढरे केलेल्या माणसाने हिमनदीवर काय बोलावे? परंतु हिमालयाच्या माथ्यावरील बर्फ वाचण्याची जी विद्या गेल्या काही दशकांत वाढली, ती मला जितकी भौतिकशास्त्राची वाटते तितकीच ग्रंथसंपादनाचीही वाटते. शिवाय त्या बर्फात अवर्षणाची जी सात वर्षे सर्वांत ठळक उमटलेली आढळली, ती आपल्या होळकरशाहीच्या आणि एकूण मराठी राज्याच्या इतिहासातली मोठ्या घडामोडींची वर्षे आहेत : १७९० ते १७९६.

ही वर्षे कोणती, हे या सभागृहात सांगायला नको. १७९२ साली महादजी शिंदे उत्तरेतून पुण्याला आले. १७९३ च्या जून महिन्यात लाखेरीला शिंदे आणि होळकर यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीला महादजी वारले. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली. त्याच वर्षी १३ ऑगस्टला महेश्वरी अहिल्याबाईंनी देह ठेवला, आणि ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. दोन वर्षांच्या आत मराठी राज्याचे तीन खांब पडले. या काळावर मराठीत जेवढे लिहिले गेले तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या काळावर लिहिले गेले असेल. नाना आणि महादजी यांचे पत्रव्यवहार आपण वाचले, कारस्थाने उलगडली, स्वभावचित्रे रेखाटली. परंतु त्या साऱ्या लेखनात आभाळ मात्र जवळजवळ नाही. या सात वर्षांत पाऊस कसा पडला, हा प्रश्नच आमच्या थोर इतिहासकारांना फारसा पडला नाही. पडला असता तरी त्यांच्याजवळ त्याचे सलग उत्तर नव्हते. ते उत्तर, निदान त्याचा एक तुकडा, १९९७ साली तिबेटात सापडला.

तेथे जाण्यापूर्वी या विद्येचे मूळ थोडक्यात पाहू. डेन्मार्कमध्ये विली डान्सगार्ड नावाचे शास्त्रज्ञ होते. १९५२ च्या जून महिन्यात त्यांनी आपल्या घराच्या अंगणात बियरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळे बसवून पावसाचे पाणी धरले. पाण्यातल्या प्राणवायूचे काही अणू किंचित जड असतात. जड अणू असलेले पाणी ढगातून आधी गळते आणि हलके मागे राहते, आणि हे प्रमाण हवेच्या तापमानाप्रमाणे बदलते, असे त्यांना दिसले. मग त्यांच्या मनात आले, की जे पाणी शेकडो वर्षांपूर्वी हिमरूपाने पडले आणि कधी वितळलेच नाही, त्यात त्या काळची ऊबही साठून राहिली असली पाहिजे. या विचारातून ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथे बर्फात खोल नळ्या घालून लांबच लांब गाभे काढण्याचे काम उभे राहिले. अंटार्क्टिकाच्या गाभ्यातून आज आठ लाख वर्षांचा वृत्तांत हाती आलेला आहे.

पण ध्रुवावरचे बर्फ ध्रुवाची हकीकत सांगणार, मान्सूनची नाही. उष्ण कटिबंधाजवळच्या उंच पर्वतांवरही जुने बर्फ टिकून असेल, हा आग्रह अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे लॉनी थॉम्पसन यांनी धरला. १९८३ साली त्यांनी पेरू देशातील केल्काया या हिमाच्छादित पठारावरून गाभे काढले, आणि पुढे चिनी हिमनदीतज्ज्ञ याओ तांदोंग यांच्या साह्याने ते तिबेटच्या पठाराकडे वळले. नेपाळच्या सीमेलगत तिबेटात एक शिखर आहे, आठ हजार मीटरहून उंच. तिबेटी लोक त्याला शिशापांगमा म्हणतात; आपल्याकडचे जुने नाव गोसाईंथान. त्याच्या अंगावरची दासुओपू ही हिमनदी त्यांनी निवडली. सात हजार ते बहात्तरशे मीटर उंचीवर, जेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहूनही कमी असतो, तेथे तंबू ठोकून १९९७ साली त्यांनी तीन गाभे काढले. त्यांतला सर्वांत लांब सुमारे १६८ मीटर भरला. इतक्या उंचीवरून तोपर्यंत कोणी गाभा काढलेला नव्हता.

आता इंदूरचा एखादा माजी विद्यार्थी रास्त शंका काढील. आमच्या मालव्यातल्या नद्या काही हिमालयातून येत नाहीत. १९७८ पासून जलूदहून ज्या नर्मदेचे पाणी डोंगर चढून या शहराला मिळते, ती नर्मदाही हिमकन्या नव्हे. ती सर्वस्वी पावसाची लेक आहे. मग गोसाईंथानच्या बर्फाशी आपले नाते काय? नाते ढगाचे आहे. त्या उंचीवर जे हिम साचते त्यातला मोठा वाटा उन्हाळी मान्सूनचा असतो. जो मान्सून येथे पाऊस होऊन काळ्या मातीत मुरतो, त्याचीच एक शाखा तिकडे हिम होऊन थरावर थर रचते. येथला पाऊस शेतात, नदीत आणि विहिरीत जाऊन विस्मृत होतो. तिकडचा तेवढा लेखी राहतो.

लेखी राहतो म्हणजे कसा? पावसाळ्यातले हिम तुलनेने निर्मळ असते. कोरड्या ऋतूत पश्चिमेकडून वारे वाहतात, आणि ते आपल्याबरोबर धूळ व क्षार आणतात. म्हणून गाभ्यात निर्मळ पट्टा, धुळकट पट्टा, पुन्हा निर्मळ पट्टा, अशी पाने लागतात. प्राणवायूच्या जडपणाचे प्रमाण, धूळ आणि नायट्रेट या तिन्हींची ऋतुमानाप्रमाणे होणारी चढउतार ताडून वरून खाली एकेक वर्ष मोजीत जाता येते. दासुओपूत ही मोजणी १४४० सालापर्यंत बिनतूट करता आली. त्याखाली वजनाने थर इतके पातळ होतात की वर्ष वेगळे काढता येत नाही. तेथे बर्फात कोंडलेल्या हवेतील मिथेन वायू इतर गाभ्यांशी जुळवून अंदाज बांधावा लागतो.

पोथीच्या अखेरीस लेखक काळ, स्थळ, नाव घालतो, ती पुष्पिका आम्हा संपादकांचा मोठा आधार. बर्फालाही पुष्पिका असते, हे वाचून मला विलक्षण आनंद झाला होता. १९६१-६२ साली रशिया व अमेरिका यांनी उघड्या हवेत प्रचंड अणुचाचण्या केल्या. त्यांची किरणोत्सारी राख साऱ्या पृथ्वीवर पसरली आणि १९६२-६३ च्या हिमात ती सर्वत्र गाडली गेली. गाभ्यात किरणोत्साराचे ते शिखर सापडले, की मोजणीला खुंटा मिळतो. माणसाच्या एका अविचाराची मोहोर इतिहासाच्या अभ्यासकाला अशी उपयोगी पडावी, हा विचित्रच योग. आणि तीन गाभे का? ज्या कारणाने पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या संशोधित आवृत्तीसाठी देशभरातून हस्तलिखिते गोळा केली, त्याच कारणाने. एका प्रतीत लेखनप्रमाद असू शकतो, पान गहाळ असू शकते. वाऱ्याने एखाद्या ठिकाणचे हिम उडवून नेलेले असू शकते. प्रती ताडून पाहिल्याशिवाय पाठ निश्चित करू नये, हा नियम बर्फालाही लागू आहे.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा तोच आहे. मराठी राज्याचे दप्तर कोणत्या वर्षाने चाले? शक होता, हिजरी सन होता, उत्तरेत विक्रम संवत होता. पण हिशेबाचे वर्ष सुहूर सनाचे, आणि ते सुरू होई सूर्य मृगात शिरला म्हणजे. म्हणूनच त्याला मृगसाल म्हणत. ज्या दिवशी कुणबी आभाळाकडे पाहून नांगर सावरतो, त्याच दिवशी कारकून नवी वही उघडतो. गोसाईंथानच्या बर्फाचे वर्षही मान्सूनच्या हिमानेच ओळखू येते. पुण्याच्या पेशवे दप्तराचे आणि दासुओपूच्या बर्फाचे वर्ष असे एकाच घटकेच्या आसपास उलटते. दोन्ही दप्तरे मृगसालाची आहेत. एक शाईने लिहिलेले, एक धुळीने.

दासुओपूचे निष्कर्ष २००० सालच्या सप्टेंबर महिन्यात 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मान्सून दुबळा पडतो त्या वर्षांच्या थरात धूळ आणि क्लोराइड वाढते, हे त्यांतले मुख्य सूत्र. जमीन उघडी पडते, तळी आटून मिठाचे थर वर येतात, वारा ते उचलतो, आणि निर्मळ हिमाची भर कमी असल्याने मळ अधिक दाट दिसतो. या मापाने पाहता गेल्या हजार वर्षांत अवर्षणाचे अनेक कालखंड आढळले. पण १७९० ते १७९६ या वर्षांइतकी तीव्र खूण दुसरी नाही, असे थॉम्पसन यांचे म्हणणे आहे. हजार वर्षांत दुर्गादेवीचा दुष्काळ येतो, ज्याच्या आठवणी चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या लोककथांत रेंगाळत आहेत. तुकोबांचे घर ज्याने उद्ध्वस्त केले तो १६३० चा दुष्काळ येतो. १८७६-७७ चा येतो. या सर्वांहून अधिक धूळ त्या सात थरांत आहे.

एका साक्षीदारावर निकाल देऊ नये. म्हणून दुसऱ्या साक्षी पाहू. कंपनी सरकारचा शल्यवैद्य विल्यम रॉक्सबर्ग हा वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आपल्या परिचयाचा आहे. आंध्र किनाऱ्यावरील सामलकोट येथे तो पावसाच्या आणि वायुभारमापकाच्या नोंदी ठेवीत असे. १७८९ पासून पावसाने सलग दगा दिल्याचे त्याने टिपून ठेवले आहे. त्याच सुमारास, १७८८ साली वसलेली सिडनीची नवी इंग्रज वसाहत दुष्काळाने हैराण झाली होती. पॅसिफिक महासागराचे पाणी तापून जगाचे वारे उलटेपालटे होतात, त्या घटनेला आज एल निनो म्हणतात. १७८९ ते १७९३ या वर्षांत असा एक प्रचंड एल निनो झाला असावा, अशी मांडणी रिचर्ड ग्रोव्ह यांनी १९९८ साली केली. पुढे २०१० साली एडवर्ड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आशियाभरातील तीनशेहून अधिक ठिकाणच्या वृक्षांची वर्षवलये मोजून मान्सूनच्या अवर्षणांचा नकाशा तयार केला. हजार वर्षांतली जी चार मोठी ऐतिहासिक अवर्षणे त्यांनी निवडून दाखवली, त्यांतही १७९० ते १७९६ आहे. बर्फ आणि झाड यांनी परस्परांना न विचारता एकच सन सांगावा, ही गोष्ट पुराव्याच्या दृष्टीने लहान नाही. वृक्षवलये वाचण्याचे काम आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतही दीर्घकाळ झाले आहे, आणि तेथे आपल्या ओळखीच्या सागवानानेही साक्ष दिली आहे.

लोकस्मृतीची साक्ष तर अंगावर काटा आणणारी आहे. १७९१-९२ च्या दुष्काळाला विजापूर भागात 'डोगी बर' म्हणत. इंग्रजी गॅझेटियरांनी त्याचे 'डोजी बारा' केले. मराठी वाचक हे नाव ऐकून बारा आकड्याच्या शोधात निघतो. तो आकडा नव्हे. कन्नडात 'बर' म्हणजे अवर्षण, दुष्काळ. हा कवट्यांचा दुष्काळ. मेलेल्यांना मूठमाती द्यायला माणूस उरला नाही, आणि वाटेवर, शेतात हाडे पांढरी पडत राहिली, म्हणून हे नाव. निजामाचा मुलूख, दक्षिण महाराष्ट्र, गुजरात, मारवाड हे सारे प्रदेश होरपळले. आंध्र किनाऱ्यावरच्या काही जिल्ह्यांत निम्मी वस्ती नाहीशी झाली. आधीच्या दशकातल्या, म्हणजे संवत् १८४० च्या उत्तरेकडील दुष्काळाला 'चालिसा' म्हणत. संवत् १९५६ चा 'छप्पनिया' तर मालव्यातल्या घरांत आजीच्या तोंडून ऐकलेले लोक परवापरवापर्यंत होते. राजा कोण होता ते विसरून लोक दुष्काळाचा सन लक्षात ठेवतात, हे इतिहासकारांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता आवर घालण्याची वेळ आली. नव्या साधनाचा मोह वाईट असतो. नवे दप्तर सापडले की संशोधक त्यातच सारे उत्तर शोधू लागतो. बर्फ काय सांगत नाही, तेही पाहिले पाहिजे. ते गावाचे नाव सांगत नाही. किती इंच पाऊस पडला ते सांगत नाही. सात वर्षांत प्रत्येक तालुका सातही वर्षे कोरडा राहिला, असा त्याचा अर्थ नाही. १७९१ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या दाराशी पोचला होता. पण धान्य नाही, चारा नाही, बैल पटापट मरताहेत, अशा अवस्थेत त्याला आपल्या किल्लेतोड तोफा स्वतःच्या हातांनी फोडून मागे फिरावे लागले. त्या माघारीत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी लष्कराची गाठ पडली, आणि मराठ्यांच्या बाजारात इंग्रज शिपायांना धान्य मिळाले. भाव अर्थातच बाजारबुणग्यांनी आपल्या मर्जीने लावला. हे सारे महाअवर्षणाच्या काळातले. पण त्याच आठवड्यांत तेथे अवेळी पाऊस होऊन कावेरी फुगली होती, हेही तितकेच खरे. बर्फ सांगते ते प्रदेशाचे आणि कालखंडाचे सरासरी दुःख. एकेका गावाचे नव्हे. प्राणवायूच्या जडपणावरून तापमान काढावे की पावसाचे मान, याबद्दलही मान्सूनच्या प्रदेशात तज्ज्ञांचे एकमत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. बर्फ दुष्काळ सांगत नाही, अवर्षण सांगते. आपल्या भाषेने हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत, ते उगीच नव्हे. अवर्षण आभाळाचे, दुष्काळ म्हणजे वाईट काळ, आणि काळ वाईट करण्यात माणसाचा हात असतो. लाखेरीची लढाई घ्या. हजार वर्षांतल्या सर्वांत कोरड्या म्हटलेल्या कालखंडाच्या ऐन मध्यावर दोन मराठी सरदारांनी आपली कवायती पलटणे बुंदीच्या खिंडीत परस्परांवर घातली. पाऊस नव्हता म्हणून ते लढले, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला पुरावा नाही. परंतु ज्या रयतेच्या वसुलातून त्या पलटणींचा पगार भागायचा, ती रयत त्या वेळी कशी होती, हे न विचारता लाखेरीचे वर्णन करणे अपुरे आहे, एवढे निश्चित म्हणेन. दुसऱ्या बाजूने, आभाळावर सारा बोजा टाकून माणसांना मोकळे सोडणेही मला मान्य नाही. १८०३-०४ चा खानदेश आणि अहमदनगरकडचा दुष्काळ पाहा. त्यात पावसानेही डोळे वटारले होते. पण त्याआधीच फौजांनी मुलूख असा तुडवला होता, की पेरायला बी, ओढायला बैल आणि राखायला माणूस उरला नव्हता. त्या फौजांत यशवंतराव होळकरांची फौज होती. आम्ही इंदूरकर यशवंतरावांच्या शौर्याचा योग्य अभिमान बाळगतो. म्हणून हेही आम्हीच आधी सांगावे.

मालव्याला अन्नपाण्याची ददात नसते, अशी या भूमीची ख्याती. मारवाड कोरडा पडला की तिकडची माणसे गुरे हाकीत इकडे येत. मालव्यात मोठा दुष्काळ पडत नाही, हा समज १८९९-१९०० पर्यंत सरकारदरबारीही दृढ होता. अशा या मालव्याची दशा काय झाली होती? सर जॉन माल्कम यांनी १८१७ सालची नोंद दिली आहे : होळकरांच्या ३,७०१ गावांपैकी २,०३८ वसलेली, १,६६३ उजाड. जवळजवळ निम्मी गावे बेचिराख. दासुओपूची धूळ याचा उलगडा करू शकत नाही. तो पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांत, पगार थकलेल्या फौजांत आणि अहिल्याबाईंच्या पश्चात विस्कटलेल्या कारभारात शोधावा लागतो. २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षी घाट, देवळे, बारवा यांविषयी पुष्कळ बोलले गेले. माझ्या मनात मात्र वेगळा विचार येत राहिला. ज्या बाईंच्या राज्याची सुबत्ता माल्कमने वृद्धांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवली, त्यांच्या कारकीर्दीची शेवटची पाच-सहा वर्षे नेमकी या अवर्षणात गेली. बर्फाची साक्ष खरी असेल, आणि मालव्यापुरतीही खरी असेल, तर त्या सुबत्तेची किंमत आपण आजवर धरली त्याहून कितीतरी अधिक धरावी लागेल. चांगल्या पावसात चांगले राज्य करणे वेगळे, आणि पाऊस रुसलेला असताना घडी मोडू न देणे वेगळे.

हे 'असेल तर' काढून टाकायचे कसे? त्यासाठी पुन्हा शाईच्या दप्तराकडे यावे लागते. मराठी कागदपत्रांत पावसाचे वर्णन क्वचित. बातमीदाराला पाऊस ही बातमी वाटत नाही. पण पावसाचे परिणाम पानोपानी आहेत, फक्त ते ओळखता आले पाहिजेत. 'धारण' हा शब्द पाहा : रुपयाला धान्य किती मिळते तो भाव. धारण चढली, धारण उतरली, एवढ्या दोन शब्दांत एका परगण्याचे वर्ष सामावते. गावाला 'सूट' दिली, 'तगाई' दिली, परागंदा रयतेला 'कौल' देऊन परत आणले, ओसाड जमिनीला 'इस्तावा' करून दिला, म्हणजे पहिली वर्षे सारा नाममात्र आणि पुढे चढता. या एकेका नोंदीमागे एकेक कोरडा मृग असू शकतो. गणेश चिमणाजी वाडांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिश्या, पारसनीसांनी छापलेली महेश्वर दरबारची बातमीपत्रे, वा. वा. ठाकुरांची होळकरशाहीच्या इतिहासाची साधने ही ग्रंथालयांतून मिळतात. राजकारणासाठी ती अनेकांनी पिंजली. धारणीसाठी, सालवार, परगणेवार, कोणी तरुण अभ्यासक ती पुन्हा वाचील, तर बर्फातल्या सात पट्ट्यांना गावांची नावे मिळू लागतील. खर्चिक यंत्रे नकोत; मोडी यायला हवी आणि चिकाटी हवी.

घाई मात्र दोन्हीकडे आहे. दासुओपूच्याच गाभ्यात विसाव्या शतकात क्लोराइड दुप्पट आणि धूळ चौपट झालेली दिसते. ती भारत-नेपाळातल्या वाढत्या मानवी उलाढालीची. उंचीवर तापमानवाढ अधिक वेगाने होते, असाही त्याचा कौल आहे. २००६ साली थॉम्पसन यांच्या चमूने मानससरोवराच्या दक्षिणेस गुरला मांधाता पर्वतावर, ज्याला तिबेटी लोक नैमोनाञी म्हणतात, सुमारे ६,०५० मीटर उंचीवर गाभा काढला. त्यात ते १९६२-६३ चे किरणोत्साराचे शिखर शोधू लागले. ते सापडले नाही. त्याआधीच्या चाचण्यांची खूणही नव्हती. २००८ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की निदान १९५० पासून त्या जागी नवे बर्फ साचून टिकलेलेच नाही. वरची पाने वितळून गेली, आणि वितळणे चालू राहिले की खालच्यांची पाळी येते. वि. का. राजवाडे गावोगाव दप्तरे शोधीत हिंडत, तेव्हा कोठे वाळवीने, कोठे पावसाने, कोठे वाण्याच्या पुड्यांनी कागदांची जी गत केलेली असे, तीच ही गत. फरक इतकाच, की राजवाड्यांना दुसऱ्या वाड्यात दुसरे दप्तर सापडे; हिमनद्यांचे वाडे मोजके आहेत.

आपल्या देशात हे काम गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते. समुद्रकाठच्या त्या उकाड्यात शून्याखाली गोठवलेल्या खोल्यांत अंटार्क्टिकाहून आणलेले गाभे जपून ठेवलेले असतात आणि तेथेच ते कापून तपासले जातात. त्याच केंद्राने २०१६ साली हिमाचलातील स्पितीमध्ये 'हिमांश' नावाचे ठाणे उघडून चंद्रा नदीच्या खोऱ्यातील हिमनद्यांची मोजणी आरंभली आहे. आपल्या शाळेतील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तिकडची वाट मोकळी आहे.

ज्यांची वाट वहीची आहे, त्यांच्यासाठी माझी एक विनंती आहे, आणि ती येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरांना आहे. इंदूर, महेश्वर, देवास, धार, उज्जैन येथील जुन्या मराठी घराण्यांच्या माळ्यावर अजून रुमाल आहेत. त्यांत सनदा असतात, त्या तुम्ही जपता, कारण त्यांच्यावर मोहोर असते. पण शेजारी ज्या मळकट रोजकीर्दी आणि खतावण्या असतात, त्या रद्दीत जातात. कृपा करून त्या फेकू नका. शके १७१२ ते १७१८ पाहा. संवत्सरांची नावे साधारण, विरोधकृत, परिधावी, प्रमादी, आनंद, राक्षस, नल. साधारण नावाच्या वर्षाने या असाधारण अवर्षणाला आरंभ व्हावा, आणि आनंद संवत्सरही त्यातच यावे, ही पंचांगाची थट्टाच म्हणायची. संवत् असेल तर १८४७ ते १८५३. सुहूर सन असेल तर 'इहिदे तिसैन मया व अलफ' आणि त्यापुढील सहा साले. गहू, ज्वारी, हरभरा यांपैकी कशाचाही भाव त्या पानावर दिसला, तर साल, महिना, गाव आणि रुपयाला किती शेर एवढे टिपून घ्या, आणि त्या पानाचे स्वच्छ छायाचित्र काढून शाळेच्या ग्रंथालयाकडे द्या. मोडी वाचता येत नसली तरी चालेल. वाचून द्यायला मी आणि माझे एक-दोन वृद्ध स्नेही अद्याप आहोत.